रंध्याची मूठ हाताला बोचतेय? स्वतःच्या हाताच्या मापाची नवीन बनवा

लोखंडी रंधा घेतला, पात्याला मस्त धार लावली, तळ काचेवर पॉलिश पेपर चिकटवून सपाट केला, आणि तरीही थोडा वेळ रंधा मारला की अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचकीत आग व्हायला लागते, करंगळी कुठेतरी चेपते, दुसऱ्या दिवशी तळव्याला फोड. असं होत असेल तर दोष बहुतेक वेळा तुमच्या हाताचा नसतो, मागच्या मुठीचा असतो. हल्लीच्या स्वस्त रंध्यांना प्लास्टिकची मूठ येते, साच्यातून निघाल्यावर दोन्ही अर्धांच्या मधे जी शिवण राहते ती तशीच, बाजू सपाट, कडा जेमतेम मारलेल्या. लाकडी असली तरी कारखान्यात मशीनवर गोल केलेली आणि वर जाड लॅकर. ती कुणाच्याच हाताच्या मापाची नसते, खोक्यात मावेल अशी असते.

चांगली गोष्ट अशी की ही मूठ बदलणं हे नवशिक्यासाठी एकदम बेस्ट काम आहे. लाकूड तळहाताएवढं लागतं, बिघडलं तरी नुकसान काही नाही, आणि यात भोक पाडणं, कापणं, कानशीने आकार देणं, फिनिश करणं सगळं येतं.

आधी रंधा कोणता ते बघू. ४ नंबर म्हणजे नऊ-साडेनऊ इंची आणि ५ नंबर म्हणजे १४ इंची, दोन इंच पात्याचा, हे आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारलीत तर गंजलेले, मूठ तुटलेले असे रंधे हमखास सापडतात, कारण मिस्त्री लोक आता इलेक्ट्रिक रंध्यावर गेलेत. यांची सगळ्यांची ठेवण मुळात एकच, लिओनार्ड बेली नावाच्या अमेरिकन माणसाची. त्याचा धंदा स्टॅनले कंपनीने १८६९ मध्ये विकत घेतला आणि पुढे इंग्लंडमधल्या, आपल्याकडच्या कारखान्यांनी तीच ठेवण उचलली. त्यामुळे खाली जे सांगतोय ते जवळपास सगळ्या लोखंडी रंध्यांना लागू होतं, फक्त मापं प्रत्येकाने आपापल्या रंध्यावरून घ्यायची. नेटवरचा तयार नकाशा प्रिंट करून डोळे मिटून कापू नका, कंपनीप्रमाणे दोन-तीन मिलीमीटरचा फरक पडतो आणि तेवढ्यात मूठ बसत नाही.

पकड बरोबर आहे ना, ते आधी

नवीन मूठ बनवायच्या आधी एकदा स्वतःचा हात बघा. ही मूठ तीन बोटांसाठी असते. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी मुठीभोवती, अंगठा दुसऱ्या बाजूने, आणि तर्जनी बाहेर, पात्याच्या बाजूने पुढे बोट दाखवल्यासारखी. बरेच जण चारही बोटं आत कोंबतात आणि मग म्हणतात मूठ लहान आहे. चार बोटांनी आवळून धरलं की मनगट ताठ होतं, रंधा डोलतो आणि फोडही येतात. तीन बोटांनी धरून थोडे दिवस काम करून बघा, निम्म्या लोकांची तक्रार तिथेच संपते. उरलेल्या निम्म्यांनी पुढे वाचा.

आता तीन बोटांनी धरून नेमकं कुठे बोचतंय ते शोधायचं. तळहाताला खडूची पूड किंवा कोळशाची भुकटी चोळा, रंधा धरून दहा-पंधरा वेळा लाकडावर मारा आणि मग मुठीकडे बघा. जिथे पूड गडद चिकटली तिथे दाब पडतोय. चांगल्या मुठीवर डाग पसरट येतो, वाईट मुठीवर एक रेघ येते, आणि ती रेघ बहुतेक वेळा वरच्या शिंगाच्या खाली असते. शिंग म्हणजे मुठीचं वरचं मागे आलेलं टोक, जे बेचकीवर बसतं. ते अरुंद आणि धारदार असलं की सगळा जोर एका रेषेवर येतो. पुठ्ठ्यावर किंवा वहीत हे लिहून ठेवा, आकार काढताना उपयोगी पडेल.

जुनी मूठ काढणं आणि माप

वरचा पितळी नट मोठ्या स्क्रूड्रायव्हरने उलटा फिरवा. खाचेत नीट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या, पितळ मऊ असतं, खाच गेली की गेली. गंजला असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. नटाखाली एक लांब रॉड असतो जो मुठीतून जाऊन खाली लोखंडात आटे धरतो. हा रॉड आणि नट जिवापाड जपा. जुन्या स्टॅनले पद्धतीच्या रंध्यांत त्याचे आटे इंचाच्या जुन्या मापाचे असतात, ७/३२ इंच जाड आणि इंचाला २० आटे, हार्डवेअरच्या दुकानातला एम ६ चा बोल्ट त्यात बसत नाही, आणि जबरदस्ती केली तर रंध्याचेच आटे खराब होतात. ५ नंबर आणि त्याहून लांब रंध्यांना मुठीच्या पायाला, म्हणजे खाली पुढे आलेल्या टोकाला, अजून एक छोटा स्क्रू असतो. ४ नंबरला बहुतेक तो नसतो, काहींत त्याजागी लोखंडातच छोटा उंचवटा असतो, मूठ फिरू नये म्हणून.

आता जुनी मूठ बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आडवी ठेवून पेन्सिलने भोवती फिरवा. त्याआधी भोकातून एक सरळ लोखंडी सळी घाला, दोन्हीकडून बाहेर येईल एवढी लांब, आणि तिची रेषाही पुठ्ठ्यावर दोन्ही टोकांना मार्क करून जोडून घ्या. ही रेषा म्हणजे या सगळ्या कामाचा कणा. बाहेरचा आकार मनासारखा बदलता येतो, ही रेषा आणि खालची तळरेषा यांच्यातला कोन बदलता येत नाही कारण तो रंध्याच्या लोखंडात ठरलेला आहे. मूठ तुटलेली असेल तर तुकडे फेविकॉलने चिकटवून मग रेघा मारा, पूर्ण हरवलेली असेल तर रॉड रंध्यात घट्ट बसवून शेजारी पुठ्ठा उभा धरा आणि रॉडची तिरकी त्यावर उतरवून घ्या.

आकारात काय बदलायचं

इथे घाई करू नका, आराम मिळणार आहे तो इथूनच, लाकूड किती भारी वापरलं त्याने नाही.

कमर म्हणजे मुठीचा मधला बारीक भाग, तिची पुढून मागे जाडी हाताच्या मापावर. मूठ धरल्यावर मधल्या बोटाचं टोक अंगठ्याखालच्या गादीपासून साधारण बोटभर लांब राहिलं पाहिजे. टोक गादीत रुतत असेल तर मूठ बारीक आहे, फार लांब राहत असेल तर जाड. बाजूची जाडी ७ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) ते १ इंच पुरते. नवीन माणसाला वाटतं जाड मूठ म्हणजे आरामदायी, पण जाड मुठीला आवळून धरावं लागतं आणि हात लवकर दमतो.

शिंग थोडं लांब आणि रुंद करा, आणि त्याच्या खालची वळण बेचकीच्या गोलाईला जुळेल अशी घ्या. पण वर मागे किती जागा आहे ते बघून.

पुढच्या बाजूला एक गोष्ट लोक विसरतात, पातं खालीवर करायचं पितळी चाक. मधल्या बोटाचं पेर त्याला घासत असेल तर मुठीचा पुढचा भाग वरच्या बाजूला एक-दोन सूत मागे घ्या. पातं पूर्ण मागे ओढून बघा, ते मुठीवर आपटता कामा नये.

आणि तिरकी. रॉडचा कोन बदलता येत नसला तरी रॉडभोवतीचं लाकूड थोडं पुढे किंवा थोडं सरळ झुकवता येतं. उंच टेबलावर उभ्याने काम करत असाल तर कोपरापासूनचा हात जवळपास आडवा येतो, तिथे सरळ मूठ बरी वाटते. आपल्याकडे बरेच जण खाली बसून, नाहीतर बुटक्या बाकावर काम करतात, तिथे हात वरून खाली येतो आणि सरळ मुठीवर मनगट दुमडतं, त्यांनी वरचा भाग जरा पुढे झुकलेला ठेवावा. फक्त भोकाच्या चारही बाजूंना निदान दोन सूत लाकूड राहील हे पुठ्ठ्यावरच तपासा.

नवीन आकार पुठ्ठ्यावर काढून कापला की लगेच चांगल्या लाकडाला हात लावू नका. पॅकिंगच्या खोक्याचं पाइन मिळतं ना, त्यात एक कच्ची मूठ बनवा. पाइन मऊ, तासाभरात आकार येतो. ती रंध्यावर बसवून दोन-चार दिवस खरंखुरं काम करा, खडूची टेस्ट परत घ्या, बोचेल तिथे कानस मारा. जी शेवटी हाताला पटेल तिच्यावरून फायनल पुठ्ठा. यात वेळ जातो हे मान्य, पण शिसवीचा तुकडा वाया घालवण्यापेक्षा बरं.

लाकूड आणि त्याच्या रेषा

जुन्या परदेशी रंध्यांच्या मुठी रोझवुडच्या असायच्या. आपल्याकडे त्याच्या जातकुळीतली शिसवी आहे, जड, गुळगुळीत, घामाने खराब न होणारी. भंगारवाल्याकडचा चौकटीचा रुंद तुकडा, एवढ्यात काम होतं, नवीन विकत घ्यायची गरजच नाही. बाभूळ पण उत्तम, अवजारांचे दांडे उगाच तिचे करत नाहीत, फक्त पूर्ण वाळलेली हवी. सागवान सहज मिळतं आणि चालतं, पण पातळ टोकांना जरा ठिसूळ, शिंग नाजूक ठेवू नका. प्लायवूड, एमडीएफ अजिबात नको.

शिसवीची भुकटी नाकात गेली की शिंका आणि कुणाकुणाला अंगावर पुरळ येतं, मास्क लावा.

लाकडाच्या तंतूंच्या रेषा मुठीच्या तळाला समांतर हव्यात, म्हणजे रंध्याच्या लांबीच्या दिशेने आडव्या. पहिल्यांदा बघताना उलटं वाटतं, मूठ उभी तर रेषा उभ्या नकोत का? नकोत, कारण उभ्या घेतल्या तर मागे आलेलं शिंग आणि पुढे आलेला पाय दोन्ही रेषांना आडवे येतात आणि पहिल्या धक्क्याला तुटतात. आडव्या घेतल्यावर कमर कमजोर होते हे खरं, पण तिला आतून रॉड आवळून धरतो.

भोक आधी, आकार नंतर

तुकडा चौकोनी असतानाच भोक पाडायचं. एकदा वळणं कापली की तो कशातच नीट धरता येत नाही आणि ड्रिल भरकटतं.

आता एक युक्ती. फळी १ इंच जाडीची, दोन्ही बाजू रंधून सपाट. पुठ्ठा त्यावर असा ठेवा की तळरेषा लाकडाच्या रेषांना समांतर. मग पुठ्ठ्याभोवती एक चौकोन काढा, पण फळीच्या कडांना समांतर नाही, रॉडच्या रेषेला समांतर. म्हणजे चौकोन फळीवर तिरका दिसेल. हा तिरका चौकोन गुण्याने तपासून कापून घ्या. आता तुकड्याची वरची आणि खालची कड रॉडला बरोबर काटकोनात आहे, ड्रिल सरळ उभं लावायचं, तिरकं काही नाही. सहा-सात इंच रुंद फळी त्यासाठी लागते.

रॉडची रेषा तुकड्याच्या दोन्ही बाजूंवर आणि वरच्या-खालच्या कडेवरही काढा, जाडीच्या अगदी मध्यात. सगळ्यात आधी मोठी भोकं. वर पितळी नटासाठी, खाली लोखंडातून वर आलेल्या गोल उंचवट्यासाठी. दोन्ही साधारण ११-१२ मिलीमीटरची येतात, पण व्हर्निअरने मोजा. खालच्या भोकाची खोली तुकड्याच्या कडेपासून मोजू नका, पुठ्ठ्यावरच्या तळरेषेपासून मोजा, कारण कड नंतर तिरकी कापली जाणार आहे. उंचवट्याच्या उंचीपेक्षा मिलीमीटरभर खोल ठेवा, मूठ सपाट लोखंडावर बसली पाहिजे, उंचवट्यावर टेकून डुगडुगता कामा नये. मोठी भोकं आधी याच्यासाठी की बारीक भोक आधी पाडलं तर मोठ्या बिटच्या टोकाला धरायला मध्यच उरत नाही.

मग रॉडचं भोक, साडेसहा मिलीमीटर बिट. तुकडा व्हाइसमध्ये उभा पकडा, हातात धरून कधीच नाही. अर्धं वरून, अर्धं खालून. दर पाऊण इंचाला बिट बाहेर काढून भुसा झटका, नाहीतर बिट तापतं आणि वाकडं जातं. ड्रिल सरळ आहे का ते बघायला एक माणूस बाजूला उभा करा, तुम्हाला पुढे-मागे दिसतं, त्याला डावं-उजवं. मधे दोन्ही भोकं केसभर हुकली तरी गोल कानशीने सरळ होतात, आणि रॉडपेक्षा भोक मिलीमीटरभर मोठं असल्याने चालूनही जातं. ज्याच्याकडे ड्रिल स्टँड आहे त्याचं काम पाच मिनिटांत.

आता तळरेषेवर करवत मारा आणि तो तळ रंध्याने नाहीतर सपाट पेपरवर घासून एकदम सपाट करा. आणि लगेच, हो, त्या ठोकळ्यासकट, रंध्यावर बसवून बघा. नट लागतोय का, तळाखाली फट नाही ना, तुकडा रंध्याच्या मध्यरेषेत सरळ आहे ना. काही घासायचं असेल तर आत्ताच. ५ नंबरवाल्यांनी पुढच्या स्क्रूची जागा जुन्या मुठीच्या पुठ्ठ्यावरून उतरवून तेही भोक आत्ताच पाडून घ्यावं.

कापणं आणि गोल करणं

आतल्या घट्ट वळणांच्या जागी, शिंगाखाली आणि पुढच्या पायाच्या वर, २०-२५ मिलीमीटरच्या बिटने आरपार भोकं पाडा, वळण आयतं मिळतं. उरलेलं कोपिंग सॉने, जिगसॉने, नाहीतर जवळच्या वखारीत बँडसॉवर कापून आणा. रेघेच्या बाहेरून कापा, रेघेपर्यंत कानशीने या.

गोल करताना डोळ्याच्या अंदाजाने कडा घासत सुटू नका. कडेवर मध्यरेषा काढा, बाजूच्या सपाटीवर कडेपासून अडीच-तीन सूत आत दुसरी रेषा. या दोन रेषांच्या मधलं लाकूड जाड दातांच्या अर्धगोल कानशीने तिरकं उडवा, सगळीकडे सारखा तिरका पट्टा आला पाहिजे. मग त्या पट्ट्याच्या दोन्ही कडा परत उडवा. असं दोनदा केलं की गोलाई आपोआप येते आणि दोन्ही बाजू सारख्या राहतात. कापलेली मूठ व्हाइसमध्ये धरायला कठीण जाते, त्यासाठी ती एका लाकडी पट्टीवर लांब बोल्टने आवळून पट्टीच व्हाइसमध्ये धरा.

पूर्ण गोल करू नका हं. काप अंडाकृती हवा, बाजू किंचित सपाट. गोल दांडा हातात फिरतो, अंडाकृती मूठ न बघता हाताला दिशा सांगते. तळाजवळचे दोन इंच तर अजिबात फार गोल करू नका, तिथे हात लागतच नाही आणि लाकूड जितकं जास्त तितकं मजबूत.

कानशीचे ओरखडे जायला कापडी पॉलिश पेपरची लांब पट्टी कापा आणि बूटपॉलिशवाला फडकं ओढतो तशी कमरेभोवती ओढा. ८०, १२०, १८०, २४०, एवढं पुरे. मधे-मधे रंध्यावर बसवून थोडं काम करा, डोळे मिटून हात फिरवा, डोळ्याला न दिसणारी कड हाताला लगेच लागते. २४० नंतर ओल्या फडक्याने पुसा, वाळल्यावर उभे राहिलेले तंतू परत २४० ने हलके काढा, म्हणजे घामाने मूठ खरखरीत होणार नाही.

फिनिश

माझं मत स्पष्ट आहे, मुठीवर मेलामाइन, पीयू असलं काचेसारखं काही नको. हात घसरतो, घाम आत शोषला जात नाही आणि फोड येतात. शिजवलेलं जवसाचं तेल पातळ लावा, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका, एक दिवस सोडून परत, असे तीन हात. वाळायला पावसाळ्यात वेळ लागतो. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावू नका, ते वाळत नाही, चिकट राहतं आणि वास मारतं. लवकर काम हवं असेल तर स्पिरिटमध्ये चपडी लाख पातळ विरघळवून दोन हात, वर मेण.

तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि फडक्यांचा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो, हे खरंच घडतं. पसरून उन्हात वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग फेका.

बसवल्यावर

नट हाताने टाइट होईपर्यंत आणि त्यापुढे पाव आटा, बस. जास्त आवळलं तर कमरेतून चीर जाते. नवीन मूठ पहिल्या वर्षभरात हलते-डुलते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा नट किंचित सैल करा. मार्च-एप्रिलपर्यंत ते आक्रसतं आणि मूठ डुगडुगायला लागते. तेव्हा नट आवळूनही मूठ सैलच राहत असेल तर नट रॉडच्या आट्यांच्या शेवटाला जाऊन टेकलाय, मुठीला तो दाबतच नाहीये. अशा वेळी रॉड काढून त्याचं खालचं टोक मिलीमीटरभर कानशीने घासा, टोकाची कड मारून घ्या म्हणजे आटे नीट लागतील. रॉडला हात लावायचा नसेल तर नटाखाली एक पातळ पितळी वॉशर टाका, त्यानेही भागतं.